रंगवा, फाईल करा, गप्प बसा

गोव्यात भाषेवरून जितकी भांडणं झाली तितकी दुसऱ्या कशावरूनही झाली नसतील. १९८७ चा राजभाषा कायदा, १९९० चं प्राथमिक शाळांच्या अनुदानाचं धोरण, २०११ साली इंग्रजी माध्यमालाही अनुदान देण्याचा निर्णय आणि त्यावरून पेटलेलं आंदोलन. दर वेळी सभा झाल्या, मोर्चे निघाले, एकाच घरात दोन तट पडले. मराठी की कोकणी, देवनागरी की रोमी, इंग्रजी केव्हापासून, यावर इथला मोटारसायकल पायलटसुद्धा गिऱ्हाईक येईपर्यंत तासभर वाद घालू शकतो. पण हा सगळा वाद पहिलीच्या वर्गापासून पुढचा. त्याआधीची तीन वर्षं, ज्या काळात मूल शब्दांवरून वाक्यांवर आणि वाक्यांवरून गोष्टींवर येतं, ती कुणाच्या खिजगणतीतच नव्हती. केजी खाजगी, अंगणवाडी महिला-बालविकास खात्याची. माध्यमाच्या लढाईत दोघींनाही कुणी विचारलं नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला, ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याचा अभ्यासक्रम आराखडा आला आणि २०२३-२४ पासून गोव्यानेही तो राबवायला घेतला. तेव्हा आता तरी विचारायला हरकत नाही, की या तीन वर्षांत मुलांच्या भाषेचं आपण करतो काय? आणि माझं उत्तर असं, की आपण त्यांना गप्प बसवतो. अगदी प्रेमाने, रंगीत खडू हातात देऊन गप्प बसवतो.

गोव्यातल्या कुठल्याही केजीत जा. ‘येलो डे’ असतो, ‘ग्रीन डे’ असतो, मे महिन्याच्या तोंडावर ‘मँगो डे’ असतो. पिवळे कपडे घातलेली वीस-पंचवीस मुलं, समोर केळी, लिंबं, एखादा पिवळा फुगा. टीचर विचारते, ‘व्हॉट कलर इज धिस?’ वर्ग एका सुरात ओरडतो, ‘येलो!’ फोटो निघतात आणि दुपारपर्यंत पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोचतात. मग छापील आंब्याचं चित्र वाटलं जातं. ते रेषेबाहेर न जाता रंगवायचं, वर नाव घालायचं (नाव बहुधा टीचरच घालते) आणि फाईलीत लावायचं. वर्षअखेरीस ती जाडजूड फाईल घरी येते. तीत आंबा असतो, छत्री असते, नाताळबाबा असतो, तिरंगा असतो. त्या मुलाने वर्षभरात बोललेलं एकही वाक्य त्यात नसतं, कारण बोलायची वेळ त्याच्यावर फारशी आलेलीच नसते. ‘येलो’ हा एक शब्द समूहाने म्हणणं याला बोलणं म्हणत नाहीत.

अंगणवाडीत पैसा कमी म्हणून थाट कमी, पण रीत फारशी वेगळी नाही. भिंतीवर तक्ता, तक्त्यावर फळं, छडी फिरते, मुलं नावं घोकतात. आणि याला आपण कलाशिक्षणही म्हणतो, भाषाशिक्षणही म्हणतो.

माझी सूचना साधी आहे. रोज दहा-पंधरा मिनिटं पाच-सात मुलांना एका चांगल्या चित्रासमोर बसवावं आणि त्याबद्दल बोलू द्यावं. कुठल्या भाषेत, ते मुलांना ठरवू द्यावं.

फोंडा तालुक्यातल्या एका अंगणवाडीत हे घडताना मी पाहिलं आहे. ताईंकडे एका जुन्या कॅलेंडरचं पान होतं. गावचा बाजार, मासळी विकणाऱ्या दोघी, एक छत्री, आणि खालच्या कोपऱ्यात एक कुत्रा. त्यांनी ते पान भिंतीला टेकवून ठेवलं आणि म्हणाल्या, ‘हांगा कितें चलता?’ (इथं काय चाललंय?) मग गप्प राहिल्या. एक मुलगा म्हणाला, ‘सुणो.’ म्हणजे कुत्रा. ‘सुणो कितें करता?’ ‘ताका भूक लागल्या.’ आपल्यापैकी बहुतेकजण इथे ‘शाब्बास’ म्हणून पुढे सरकले असते. ताईंनी विचारलं, ‘तुका कशें कळ्ळें?’ मुलगा पुढे सरकला, चित्रावर बोट ठेवून म्हणाला, ‘तो नुस्त्याक पळयता.’ म्हणजे मासळीकडे बघतोय. तेवढ्यात मागून एक मुलगी उसळली, ‘ना! तो तिका भियेता. शेंपडी सकयल आसा.’ सगळी डोकी चित्राजवळ गेली. शेपटी खरंच खाली होती. मी ते चित्र आधी पाहिलं होतं, शेपटी काही पाहिली नव्हती.

मग एक गंमत झाली. कडेला एक मुलगी बसली होती, आईवडील विजापूरकडून बांधकामावर आलेले. ती कन्नडात म्हणाली, ‘नायी.’ ताई म्हणाल्या, ‘ती नायी म्हणता. नायी म्हणजे सुणो. नायी कितें करता गो?’ मुलीने उत्तर दिलं नाही. ती उठली, मान खाली घातली आणि घाबरलेल्या कुत्र्यासारखी कुंईकुंई केली. सगळे हसले, मग सगळ्यांनी तसंच करून पाहिलं. भुकेल्याच्या पक्षातला तो पहिला मुलगासुद्धा. तिथून पुढे तो पक्ष बदलतो की काय असं वाटलं, पण नाही. म्हणाला, ‘भूकय लागल्या आनी भियेताय.’

या पाच मिनिटांत काय काय झालं पाहा. एका मुलाने नाम उच्चारलं, त्याला क्रियापद जोडलं, मग मनातली अवस्था ओळखली, मग तिचा पुरावा दिला. दुसरीने तोच पुरावा वेगळा वाचला आणि विरोध केला, तोही हात न उगारता. तिसरी, जिला खोलीतली भाषा नीट येत नव्हती, ती आपल्या भाषेतल्या एका शब्दाने आणि अंगाने आत शिरली, आणि तिचं म्हणणं सर्वांनी उचललं. शेवटी पहिल्याने दोन्ही मतं एका वाक्यात बसवली. चार-साडेचार वर्षांच्या मुलाने! विधानसभेतल्या चर्चेत हे किती वेळा होतं ते आठवून पाहावं.

चित्रच का, गोष्ट का नाही, असं कुणी विचारेल. गोष्ट हवीच. पण गोष्ट पुढे सरकत राहते, ज्याला ती भाषा कळत नाही तो पहिल्या वाक्याला गळतो. मोबाईलवरचं कार्टून तर कुणासाठीच थांबत नाही. चित्र जागेवर असतं. मूल परत परत बघू शकतं, बोट ठेवू शकतं, आधी चुकलं तर पुन्हा पाहून बोलू शकतं. सगळ्यांची नजर एकाच ठिकाणी असते, त्यामुळे शब्द कशाविषयी आहे हे न सांगता समजतं. मूल बोलायला शिकतं ते मुळात असंच. आई ज्याकडे बघते तिकडे बघायचं आणि तिच्या तोंडून काय येतं ते ऐकायचं, हे वर्षाचं व्हायच्या सुमारास सुरू होतं. चित्रासमोर बसलेली सात मुलं तेच थोडं मोठ्या प्रमाणावर करत असतात.

याला पद्धतीचं रूप दिलं ते न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टचा शिक्षणविभाग सांभाळणारे फिलिप येनावाइन आणि मानसशास्त्रज्ञ अबिगेल हाउसन यांनी. संग्रहालयात मार्गदर्शक मनापासून माहिती सांगत आणि लोक ती तेवढ्याच सहजतेने विसरून जात, हे ध्यानात आल्यावर त्यांनी माहिती देणं बाजूला ठेवलं आणि तीन प्रश्न उरवले. या चित्रात काय चाललंय? असं तुला कशावरून वाटलं? आणखी काय दिसतंय? बस्स. कलाकार कोण, साल कोणतं, शैली कोणती, काही नाही. यातला मधला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि आपल्याकडे नेमका तोच विचारला जात नाही. आपण विचारतो ‘काय?’ आणि ‘किती?’. ‘कशावरून?’ विचारलं की मुलाला ‘कारण’ म्हणावं लागतं, आणि ‘कारण’ म्हणायला लागलं की वाक्य आपोआप लांबतं.

मात्र हा प्रश्न विचारून गप्प बसता आलं पाहिजे. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या प्राथमिक वर्गांमध्ये पाहिलं, की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी सेकंदभरच थांबतात. तेच तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात, आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलतात. तीन सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटतं. एकदा घड्याळ लावून थांबून पाहा, जिवावर येतं. त्यात समोरच्या मुलाच्या डोक्यात दोन भाषा असतील तर त्याला तीन सेकंदही पुरत नाहीत.

आता पुराव्याबद्दल दोन शब्द. येनावाइन-हाउसन यांची पद्धत मुळात थोड्या मोठ्या मुलांसाठी आणि प्रौढांसाठी आखलेली. ती जशीच्या तशी तीन वर्षांच्या पोरांवर लादली की ती उठून पळतात. लहानांच्या बाबतीत भक्कम पुरावा आहे तो चित्रांच्या पुस्तकांवरून होणाऱ्या गप्पांचा. मानसशास्त्रज्ञ व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या पालकांना एवढंच शिकवलं होतं, की वाचून दाखवण्यापेक्षा विचारा, मूल बोललं की त्याचं वाक्य थोडं वाढवून परत म्हणा. महिनाभरात ही मुलं बोलण्यात इतरांच्या पुढे गेली. २०१८ मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी चार ते सहा वर्षांच्या ३६ मुलांच्या घरातलं बोलणं ध्वनिमुद्रित केलं. मुलांच्या कानावर किती शब्द पडले यापेक्षा, मोठ्यांशी किती वेळा आलटून पालटून बोलणं झालं, याचा त्यांच्या मेंदूतल्या भाषेच्या भागाशी जास्त संबंध दिसला. ३६ हा आकडा लहान आहे, त्यावर इमले बांधू नयेत. पण दिशा कळते. म्हणजे जादू चित्रात नाही, बोलण्याच्या देवाणघेवाणीत आहे. चित्र हे त्या देवाणघेवाणीचं सर्वांत स्वस्त निमित्त आहे, एवढाच माझा दावा.

आणि हे काही परक्यांकडून उसनं आणायला नको. तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी जे काम केलं, त्यात मूल शाळेत येत नसेल तर शाळाच त्याच्या अंगणात नेली होती. पानं, बिया, शिंपले हेच साहित्य. अंगणवाडीची कल्पना तिथून आली असं आपण भाषणांत अभिमानाने सांगतो. त्या अंगणात मुलं बोलत होती, हे सांगायचं तेवढं राहून जातं.

गोव्यात तर निमित्तांना तोटा नाही. पणजीच्या मार्केटात मारिओ मिरांडांची चित्रं भिंतीवर आहेत; मारिओंच्या चित्रात माणसं, कुत्री, कावळे, छत्र्या इतके दाटीवाटीने असतात की वर्गातल्या प्रत्येक मुलाला वेगळा कोपरा मिळेल. गोव्याचे चित्रकार आंतोनियो शाव्हियेर त्रिंदाद यांनी रंगवलेली माणसं पणजीतल्याच फोन्तेन्हाशमध्ये फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेकडे आहेत. ते १९३५ मध्ये वारले, त्यामुळे त्यांच्या चित्रांच्या छापील प्रती काढायला स्वामित्वहक्काचाही अडसर नाही. ‘ही बाई कशी आहे? दमलीय का? कशावरून?’ चेहऱ्यावरून मन ओळखणं हे चौथ्या वर्षाच्या आसपास मुलांना जमू लागतं. दुसऱ्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळं काही असू शकतं हे त्यांना नुकतंच उमगत असतं. भांडणं कमी होण्याची सुरुवात तिथेच असते. ‘सॉरी म्हण, शेक हँड कर’ या कवायतीपेक्षा एखादा रंगवलेला चेहरा हे काम बरं करतो.

पणजीच्याच मेनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशद्वारात जोर्ज कोलासूंनी १९३५ साली केलेली निळी आझुलेज, म्हणजे रंगवलेल्या पोर्तुगीज फरशांची, चित्रं आहेत. ती पोर्तुगीज कवी कामोंइशच्या महाकाव्यातली, म्हणजे वास्को द गामाच्या सफरीचा गौरव. आपल्या पिढीला ती बघून पोटात ढवळतं आणि ते योग्यच आहे. चार वर्षांच्या मुलाला मात्र तिथे जहाजं आणि माणसं दिसतील, आणि तो विचारेल, ‘हे कोण? हे इथं कशाला आलेत?’ यापेक्षा नेमका प्रश्न इतिहासाच्या प्राध्यापकालाही सुचायचा नाही.

आणि हे सगळं पणजीत. गावातल्या अंगणवाडीने काय करावं? तिच्याजवळ चवथीची माटोळी आहे! गणपतीच्या डोक्यावर टांगलेली, नारळ, सुपारीचा शिपटा, तवसं, चिबूड आणि रानातली कितीतरी फळं. घराघरांत वर मान करून बघायला लावणारं असं कलाकाम दुसरीकडे कुठे आहे? कला आणि संस्कृती खातं माटोळीच्या स्पर्धा घेतं, बक्षिसं देतं. तिच्याखाली मुलांना बसवून ‘तुला काय काय दिसतं’ असं कोण विचारतं? दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुराचे पुतळे आहेत, नाताळात गोठा आणि नक्षत्रं आहेत, शिगम्यात चित्ररथ आहेत. नरकासुराचं तोंड बघून निम्मी पोरं रडतात. दुसऱ्या दिवशी त्याच्या फोटोसमोर बसून ‘भीती कशाची वाटली? दातांची की डोळ्यांची?’ असं बोललं तर मुलाला भीती सांगता येऊ लागते. सांगता आली की ती आटोक्यात येते, हे मोठ्यांनाही माहीत असतं.

मुलांच्या स्वतःच्या चित्रांचं वेगळं सांगायला हवं. तीन वर्षांच्या मुलाने मारलेल्या रेघोट्यांना ‘हे काय काढलंस?’ असं विचारू नये. त्याने ‘काही’ काढलेलं नसतं, हात फिरवण्यात मजा आली म्हणून फिरवला. प्रश्न आला की ते बिचारं काहीतरी ठोकून देतं, ‘घर’. आणि ‘छान!’ हा तर बोलणं संपवण्याचा हमखास उपाय. त्याऐवजी ‘याबद्दल सांग ना’ म्हणावं, किंवा दिसतं ते म्हणावं: ‘इथं तू खूप जोरात गोल गोल केलेलं दिसतंय.’ मूल बोलू लागलं की त्याचं वाक्य, त्याच्याच भाषेत, चित्राखाली त्याच्या देखत लिहावं. ‘ही बस. आज्जी चुकली. मगे दुसरी आयली.’ आपण बोललो ते कागदावर उतरलं आणि उद्या ताई ते जसंच्या तसं वाचून दाखवते, हे मुलाने एकदा पाहिलं की अक्षरं कशासाठी असतात ते त्याला कळलं. ‘अ’ अननसाचा वर्षभर गिरवूनही ते कळत नाही. फाईल ठेवायचीच हौस असेल तर अशी ठेवावी.

आक्षेप आहेत, आणि ते पोकळ नाहीत. अंगणवाडी सेविकेवर आधीच पोषण आहार, वजनं, लसीकरणाचे दिवस, मोबाईलवरच्या पोषण ट्रॅकरमधल्या नोंदी, सर्वेक्षणं, सगळंच लादलेलं. तिला आणखी एक ‘उपक्रम’ देणं पाप आहे. म्हणून हा उपक्रम करूच नये, याला नाव नको, नोंदवही नको, लोगो नको. जी पंधरा मिनिटं तक्ता घोकण्यात जातात तीच इकडे वळवावीत. मदतनीस बाईंना यात घ्यावं. गावातल्या असल्याने मुलांची घरची बोली त्यांना अनेकदा सेविकेपेक्षा चांगली येते.

पालकांचा आक्षेप जास्त कठीण. ‘आज काय शिकवलं?’ असं विचारल्यावर मूल म्हणतं, ‘सुण्याचें चित्र पळयलें.’ त्यासाठी फी भरायची? रंगवलेला आंबा हातात येतो, बोलणं येत नाही. केजीवाल्यांचा धंदा त्या आंब्यावर चालतो आणि त्यांना दोष देऊन उपयोग नाही. पालक मागतात ते ते विकतात. या पालकांना मी इतकंच सांगेन, की ज्या इंग्रजीसाठी तुमचा जीव तुटतो तीही याच वाटेने येते. स्वतःच्या भाषेत ‘कारण’ म्हणून वाक्य जोडता येणारं मूल ‘बिकॉज’ही लवकर उचलतं. ज्याला कुठल्याच भाषेत कारण देता येत नाही ते ‘बिकॉज’चं स्पेलिंग पाठ करतं.

भाषावाल्यांचाही एक आक्षेप येईल, माझ्या मराठीवाल्या मित्रांचा तर नक्कीच. मुलं कोकणीत बोलणार, कन्नडात बोलणार, मधेच हिंदी. मग मराठीचं काय? मला विचाराल तर मराठीचं भलं होईल. गोव्याच्या खेड्यांतल्या सरकारी प्राथमिक शाळांत मराठी शिकलेल्या पिढ्यांनी घरी कोकणीच बोलली आणि मराठी उत्तम लिहिली. घरची बोली तोंडात असताना शाळेची भाषा आली म्हणून ती रुजली. मुलाचं बोलणं तोडून त्या जागी मराठी लावायला गेलो तर तिथे मराठी उगवत नाही, मौन उगवतं. आणि ते मौन मग इंग्रजी शाळावाले भरून काढतात, पैसे घेऊन.

सरकारने काय करावं? फार नाही. कला महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांकडून आणि आपल्या चित्रकारांच्या कामातून वीसेक मोठी, टिकाऊ चित्रं छापून प्रत्येक अंगणवाडीत द्यावीत. मागे उत्तरं छापू नयेत. सेविकांच्या प्रशिक्षणात एक दिवस यासाठी ठेवावा, व्याख्यानाचा नको, खऱ्या मुलांसमोर करून बघण्याचा. आणि पर्यवेक्षिका भेटीला येईल तेव्हा तिने फाईल मागू नये. मागच्या बाजूला दहा मिनिटं बसावं आणि कागदावर दोनच रकाने करावेत: ताई किती वेळा बोलल्या, मुलं किती वेळा बोलली. पहिल्या महिन्यात आकडे लाज वाटावी असे येतील. ते वरिष्ठांकडे न पाठवता ताईंच्याच हातात द्यावेत.